परभणी जिल्ह्यातील कवकजन्य फुप्फुसरोग : नोंदीच्या इतिहासातील एक प्रश्न

एखाद्या जिल्ह्याच्या आरोग्याचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे पहिली अडचण येते ती रोगांच्या नावांची. पटकी, देवी आणि प्लेग यांची नावे लोकांच्या तोंडी होती आणि सरकारच्या दफ्तरीही होती. म्हणून त्यांचा इतिहास लिहिणे कष्टाचे असले तरी अशक्य नसते. ज्या रोगांस लोकभाषेत नाव नव्हते आणि दफ्तरात रकाना नव्हता, त्यांचे काय? क्षीण झालेल्या माणसाच्या फुप्फुसात कवक, म्हणजे साध्या भाषेत बुरशी, वाढून होणारे रोग या दुसऱ्या वर्गात मोडतात. वैद्यकाच्या ग्रंथांत त्यांना ‘दुर्मीळ’ असे विशेषण लावण्याची प्रथा आहे. परभणी जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून या विशेषणाची परीक्षा करावी, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. हे दुर्मीळत्व रोगाचे की नोंदीचे, असा हा प्रश्न आहे. आणि तो केवळ शब्दाचा नाही. जो रोग दफ्तरात नसतो त्याचे औषधही भांडारात नसते, हे २०२१ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यासह साऱ्या देशाने पाहिले.

विषयाची वैद्यकीय बाजू थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कवकांचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. कडब्याच्या गंजीत, उकिरड्यावर, ओल लागलेल्या धान्यात, पावसाने भिजलेल्या भिंतीवर कवके वाढतात आणि त्यांचे बीजाणू वाऱ्यासरशी दूरवर जातात. ॲस्परजिलस फ्युमिगॅटस या कवकाचा बीजाणू अवघा दोन-तीन मायक्रॉनांचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट-तिप्पट, असल्याने तो श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतो. असे बीजाणू आपण सर्वजण रोज शेकड्यांनी आत घेत असतो. निरोगी शरीरात फुप्फुसातील भक्षक पेशी त्यांना गिळून टाकतात. त्यांतूनही जे उगवू लागतात त्यांचा समाचार रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या श्वेतपेशी घेतात. पहारेकऱ्यांची ही फळी जेथे मोडते तेथे रोग जडतो. अनियंत्रित मधुमेह, रक्ताचा कर्करोग, रोपण केलेले मूत्रपिंड टिकावे म्हणून दिली जाणारी औषधे, कॉर्टिझोन वर्गातील औषधांचा दीर्घ उपयोग, एच. आय. व्ही. चा संसर्ग आणि जुन्या क्षयाने फुप्फुसात पडलेली पोकळी ही त्याची मुख्य कारणे होत. चरकसंहितेत ‘व्याधिक्षमत्व’ अशी संज्ञा येते. सर्वच शरीरे रोगास सारख्या बळाने तोंड देत नाहीत, असा तेथील आशय आहे. प्राचीनांना कवकजन्य रोग ठाऊक होते असा अर्थ यातून काढणे उतावीळपणाचे होईल. परंतु रोगाचा विचार करताना बीजाइतकेच भूमीकडेही पाहण्याची ही दृष्टी आपल्या विषयास फार उपयोगी पडणारी आहे.

या कवकांची ओळख माणसाला प्रथम झाली ती रोगाच्या निमित्ताने नव्हे. फ्लॉरेन्स येथील पिएर अँतोनियो मिकेली या धर्मोपदेशक वनस्पतिशास्त्रज्ञाने १७२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका बुरशीचे वर्णन केले आहे. तिच्या डोक्याचा आकार पाहून त्यास चर्चमध्ये तीर्थ शिंपडण्याच्या उपकरणाची आठवण झाली, आणि त्यावरून त्याने तिला ॲस्परजिलस हे नाव दिले. माणसाच्या फुप्फुसात कवक आढळल्याचे वर्णन एडिंबरोच्या जॉन ह्यूज बेनेट याने १८४२ मध्ये केले. १८५६ मध्ये बर्लिनचा विख्यात विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्शो याने अशा अनेक रुग्णांची तपशीलवार माहिती दिली. म्यूकर वर्गातील कवकाने सर्व शरीर व्यापल्याचे पहिले विश्वसनीय वर्णन आर्नोल्ड पाल्टाउफ याचे असून ते १८८५ मधील आहे.

या युरोपीय इतिहासातील एक प्रकरण आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये कबुतरांस चारणाऱ्या लोकांचा एक व्यवसाय होता. हे लोक दाणे व पाणी स्वतःच्या तोंडात घेऊन ते कबुतरांच्या चोचीत सोडीत. त्यांच्यात खोकला, रक्ताची थुंकी आणि क्षीणता असा रोग आढळे. तो हुबेहूब क्षयासारखा दिसे; मात्र थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नसत, सापडे ते ॲस्परजिलस. १८९० मध्ये द्युलाफ्वा, शांतमेस व विदाल या वैद्यांनी हा रोग वर्णन केला. पुढे रेनाँ याने केस विंचरून टोप बनविणाऱ्या कामगारांतही तो दाखविला. हे कामगार केसांचा तेलकटपणा घालविण्यासाठी राईचे, म्हणजे गव्हासारख्या एका धान्याचे, पीठ वापरीत. धान्याची धूळ, क्षयासारखी लक्षणे आणि क्षयजंतूंचा अभाव, ही त्रयी वाचकांनी ध्यानात ठेवावी. ती आपणांस परभणीपर्यंत पुन्हा भेटणार आहे.

हिंदुस्थानात कवकजन्य रोगाचा भक्कम अभ्यास मुंबई इलाख्यात झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हा तो अभ्यासक. ग्रे याच्या शरीररचनाशास्त्रावरील जगप्रसिद्ध ग्रंथातील चित्रे त्याच्या हातची आहेत. १८५८ मध्ये तो मुंबईस आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने अध्यापन केले आणि पुढे काही वर्षे साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून काढली. अनवाणी शेतात राबणाऱ्या माणसांच्या पायास होणारी गाठी व नाडीव्रणांची व्याधी, जीस ‘मदुरा पाय’ म्हणत, ती कवकजन्य आहे हे त्याने सिद्ध केले, तिला मायसेटोमा हे नाव दिले, आणि १८७४ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. येथे एक भेद मात्र स्पष्ट केला पाहिजे. कार्टरचे कवक काट्याच्या वाटेने धडधाकट माणसाच्या पायात शिरते. आपल्या विषयातील कवक श्वासाच्या वाटेने सर्वांच्याच फुप्फुसात शिरते, पण टिकते ते दुबळ्याच्या.

हा भेद त्याच दशकात कलकत्त्यास जवळजवळ उघड झाला होता. पटकीचे कारण एक कवक आहे असे जर्मनीतील हालिअर याचे मत त्या काळी गाजत होते आणि त्याची शहानिशा करण्यासाठी लुइस व कनिंगहॅम हे दोन तरुण डॉक्टर १८६९ मध्ये हिंदुस्थानात पाठविले गेले. मत खोटे ठरले. पैकी डी. डी. कनिंगहॅम याने कलकत्त्याच्या तुरुंगांच्या आवारातील हवा चिकट काचेवर धरून तीतील बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि १८७३ मध्ये आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. हवेतील बीजाणूंची संख्या आणि तुरुंगातील पटकी, अतिसार, हिवताप यांचे प्रमाण यांत त्यास कोणताही संबंध आढळला नाही. त्याचा निष्कर्ष बरोबर होता. परंतु बीजाणू सर्वत्र आणि सदैव असतात, हा त्याच्या निरीक्षणाचा दुसरा अर्धा भाग तेव्हा कोणास महत्त्वाचा वाटला नाही. थोड्याच वर्षांत कॉखने क्षयाचा व पटकीचा जंतू दाखविला, जंतुशास्त्राचे युग अवतरले आणि कवके वैद्यकाच्या परसदारी गेली. ती तेथे बराच काळ राहिली.

आता परभणीकडे वळू. हा जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी त्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. प्रत्येक स्थित्यंतराबरोबर दफ्तराची भाषा, रकाने किंवा हद्द बदललेली असल्याने इतिहासलेखकाच्या हाती सलग असे काही लागत नाही. संस्थानी अमदानीत दफ्तराची भाषा उर्दू आणि सन फसली. गावात माणूस दगावला की त्याची वार्ता गावकामगारामार्फत वर जावयाची, आणि मृत्यूचे कारण ठरविणारा माणूस वैद्य नसावयाचा. ब्रिटिश मुलखात काय की संस्थानात काय, अशा नोंदींत ‘ज्वर’ अथवा ‘बुखार’ हा रकाना सर्वांत मोठा असे. ज्याचे अंग तापले आणि जो मेला तो ज्वराने मेला, असा हा सरळ न्याय होता. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३४ लाखांवरून १ कोटी २५ लाखांवर घसरली. दुष्काळ, प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा यांचा तो परिणाम. त्या इन्फ्लुएन्झानंतर किती फुप्फुसांत काय वाढले, हे कोणत्याही दफ्तरात शोधू नये. तेथे ते नाही; आणि तेथे नाही यावरून ते घडले नाही असेही म्हणता येत नाही. पुराव्याचा अभाव आणि घटनेचा अभाव यांतील अंतर इतिहासाच्या विद्यार्थ्यास शिकविण्याची गरज नसावी, तरी रोगांच्या बाबतीत आपण ते वारंवार विसरतो.

दफ्तर मुके असले तरी जमीन मुकी नाही. परभणी हा काळ्या कसदार जमिनीचा, गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील जिल्हा. ज्वारी आणि कापूस ही त्याची जुनी पिके. सेलू, मानवत येथील कापसाच्या बाजारपेठा प्रसिद्ध आहेत. ज्वारी पूर्वी पेवांत साठवीत. पेव उघडताना येणारा कुबट वास जुन्या माणसांच्या आठवणीतला आहे. ज्वारीच्या इतिहासातच आपल्या प्रश्नाचा एक धागा सापडतो. गावरान खरीप ज्वारी उंच आणि उशिरा पक्व होणारी. पावसाळा सरल्यावर, कोरड्या हवेत तिचे दाणे भरत. १९६४ मध्ये सी. एस. एच. १ हे संकरित वाण आले आणि त्यामागून तशी इतर वाणे आली. ती बुटकी, भरघोस आणि लवकर येणारी. उत्पन्न वाढले, यात शंका नाही. परंतु दाणे पक्व होण्याची वेळ पावसात सापडू लागली, आणि कणसे काळी पडू लागली. मराठवाड्यातील शेतकऱ्यास काळ्या पडलेल्या हायब्रीड ज्वारीचे दुःख नव्याने सांगावयास नको. तिला बाजारात भाव नाही आणि भाकरीला चव नाही. हे काळे पडणे म्हणजे दाण्यावर वाढलेली कवके. फ्युजेरियम, कर्व्ह्युलॅरिया, आल्टर्नेरिया, ॲस्परजिलस ही त्यांतली प्रमुख कुळे. कवक काही नवे आले नव्हते. ते शिवारात होतेच. बदलले होते ते पीक.

परभणी येथे १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. तेथील ज्वारी संशोधन केंद्राने या रोगाचा पिच्छा पुरविला, आणि बुरशीस तोंड देणारी वाणे निवडणे हा त्या संशोधनाचा एक मोठा भाग ठरला. इकडे औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात (स्थापना १९५८, १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) वनस्पतिशास्त्र विभागात प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेतील बीजाणूंच्या अभ्यासाची स्वतंत्र शाखा वाढविली. १९७० मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह तयार केलेला हवा टिपण्याचा यंत्रसंच ‘टिळक सॅम्पलर’ म्हणून देशभर वापरला गेला. विजेवर चालणाऱ्या या पेटीत फिरत्या पिंपावर चिकट लेप दिलेली पारदर्शक पट्टी असते. ती आठ दिवस अखंड हवा टिपते, आणि मग पट्टी कापून सूक्ष्मदर्शकाखाली कोणत्या दिवशी कोणते बीजाणू किती होते हे वाचता येते. पिकांवरील हवाच काय, अजिंठ्याच्या लेण्यांतील हवाही या पद्धतीने तपासली गेली. कनिंगहॅमने तुरुंगाच्या आवारात आरंभिलेले काम सुमारे शंभर वर्षांनी मराठवाड्याच्या शिवारात असे पुढे चालू झाले.

येथे एक आश्चर्य नमूद केल्याविना राहवत नाही. ज्वारीच्या कणसावर ज्या फ्युजेरियम व कर्व्ह्युलॅरिया कवकांची गणना परभणीचे वनस्पतिरोगशास्त्रज्ञ करीत होते, तीच कुळे वैद्यकाच्या ग्रंथांत रक्ताच्या कर्करोगाने क्षीण झालेल्या रुग्णाच्या ‘दुर्मीळ’ संसर्गाची कारणे म्हणून नोंदली आहेत. फ्युजेरियमचा संसर्ग न्यूट्रोफिल पेशी नाहीशा झालेल्या रुग्णाच्या फुप्फुसात व रक्तात होतो आणि बहुधा प्राणघातक ठरतो. म्हणजे हवेचे ज्ञान औरंगाबादेस, दाण्याचे ज्ञान परभणीस, आणि रोगी तिसरीकडेच. वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादेस १९५६ मध्ये निघाले, अंबाजोगाईस १९७४ मध्ये, नांदेडास १९८८ मध्ये. परभणीस ते निघावयास २०२३ साल उजाडले. तोपर्यंत श्वासनलिकेत दुर्बीण घालून फुप्फुसाचा तुकडा काढावा, तो रंगवून पाहावा, कवकाचे संवर्धन करावे, असे निदान जिल्ह्यातील गरीब रोग्यास करून घ्यावयाचे झाल्यास त्यास रेल्वेने नांदेड, औरंगाबाद किंवा हैदराबाद गाठावे लागे. जो श्वासानेच हैराण झाला आहे त्याने असा प्रवास करावा, ही अपेक्षा कागदावरच शोभते.

मधल्या काळात वैद्यकाने स्वतःच या रोगांची भूमी विस्तारली होती. १९४३ मध्ये अमेरिकेत ग्रेगरी, गोल्डन व हेमेकर यांनी मधुमेहाने अत्यवस्थ झालेल्या तीन रुग्णांत नाकावाटे मेंदूपर्यंत पोचलेल्या म्यूकरचे वर्णन केले. १९४९ च्या सुमारास कॉर्टिझोन आले. संधिवाताने जखडलेली माणसे उठून चालू लागली. पेनिसिलिनने जंतू मारले, कवकांना मात्र त्याने काही होत नसे. उलट जंतू हटल्याने त्यांना मोकळे रान मिळाले. १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये रँकिन याने श्वेतपेशी नाहीशा झालेल्या आणि प्रतिजैविके घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात पसरलेल्या ॲस्परजिलसची हकीकत प्रसिद्ध केली. तीस या रोगाच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ मानतात, आणि ते योग्यच आहे. ज्या औषधांनी माणसे वाचली त्यांनीच कवकास नवे आश्रयस्थान दिले. संकरित ज्वारीचे जे झाले तेच येथे माणसाचे झाले. मात्र त्यावरून ना संकरित वाणास दोष देता येतो, ना कॉर्टिझोनास.

उपायही मातीतूनच आला. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून १९५५ मध्ये ॲम्फोटेरिसिन बी हे औषध मिळाले. ते कवकाच्या पेशीच्या आवरणातील अर्गोस्टेरॉल या द्रव्यास चिकटून तेथे छिद्रे पाडते. गुणकारी, पण दुःसह. हुडहुडी भरणे, ताप चढणे, मूत्रपिंड बिघडणे हे त्याचे नित्याचे परिणाम. याच सुमारास, १९५४ मध्ये, पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला होता. पेनिसिलिन बनविणे हे त्याचे मुख्य काम. परंतु तेथील संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी देशी मातीतील सूक्ष्मजीव पारखीत होते. त्यांना एक जीव सापडला. त्याचे नाव पिंपरीवरून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे ठेवण्यात आले, आणि त्यापासून मिळालेले कवकनाशक हॅमायसिन या नावाने १९६१ मध्ये जाहीर झाले. ब्लास्टोमायकोसिस या फुप्फुसाच्या कवकरोगावर त्याच्या चाचण्या त्या दशकात अमेरिकेत झाल्या. मराठी मुलखातील एका गावाचे नाव अशा रीतीने कवकविरोधी औषधांच्या इतिहासात कायमचे जाऊन बसले आहे. पुढे हॅमायसिन मागे पडले, पिंपरीचा कारखानाही खालावला आणि १९९७ मध्ये आजारी उद्योगांच्या यादीत गेला. त्या वैभवाचा आणि त्या ऱ्हासाचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिण्यासारखा आहे.

परभणीसारख्या जिल्ह्यात या रोगांचे सर्वांत मोठे, तरीही सर्वांत अदृश्य रूप रोपणाच्या किंवा कर्करोगाच्या रुग्णांत नसून जुन्या क्षयरोग्यांत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. क्षय बरा होतो, पण फुप्फुसात पोकळी ठेवून जातो. त्या पोकळीत ॲस्परजिलसचे बीजाणू उगवतात आणि कालांतराने तेथे कवकाचा एक गोळा तयार होतो. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस अशी पोकळी राहिलेल्या ५४४ रुग्णांची तपासणी झाली. त्यांपैकी सुमारे चतुर्थांश रुग्णांच्या रक्तात या कवकाविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. भारतातील अशा दीर्घकालीन रुग्णांची संख्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार सुमारे २ लाख ९० हजार भरते. लक्षणे कोणती? खोकला, रक्ताची थुंकी, वजन घटणे, सायंकाळचा बारीक ताप. थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत. पॅरिसच्या कबुतरवाल्यांचीच ही गोष्ट. खेड्यातील रोग्याच्या बाबतीत तिचा शेवट बहुधा असा होतो, की जुना क्षय उलटला असे समजून त्यास पुन्हा क्षयाचीच औषधे दिली जातात. त्यांतील रिफाम्पिसिन हे औषध कवकावरील अझोल वर्गाच्या औषधांचा शरीरात फार लवकर निचरा करते. त्यामुळे कोणी कवकाचे औषध जोडून दिले तरी ते निष्प्रभ होते. रोगी रक्त ओकून दगावला तर नोंद होते ती क्षयाची. अशा प्रकारे एका रोगाचे मृत्यू दुसऱ्या रोगाच्या खात्यावर जमा होतात आणि पहिला दुर्मीळच राहतो.

नोंदीचे हे अज्ञान एकदाच, आणि तेही काही महिनेच, भंगले. करोनाच्या साथीत १९२० च्या नव्हे, २०२० च्या जूनमध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीने दाखविले की कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांस दररोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिल्यास त्यांच्या मृत्यूंत एक-तृतीयांशाने घट होते. प्राणवायूची गरज नसलेल्यांस मात्र त्याचा लाभ नाही. या निष्कर्षाचा पहिला भाग सर्वदूर पोचला, दुसरा वाटेत हरवला. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुसरी लाट खेड्यांत शिरली तेव्हा स्टेरॉइड गरजेविना, अधिक मात्रेत व अधिक दिवस दिली गेली, आणि ती अशा समाजात दिली गेली की जेथे मधुमेह असलेल्या कित्येकांस आपल्याला तो आहे हेच ठाऊक नसते. त्या मागोमाग म्यूकरमायकोसिस उसळला. २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने १८९७ च्या साथरोग कायद्याखाली त्याची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना कळविले. ७ जूनपर्यंत देशात २८,२५२ रुग्ण नोंदले गेले; त्यांत महाराष्ट्राचे ६,३३९, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. ८६ टक्के रुग्णांस करोना होऊन गेला होता, सुमारे ६२ टक्क्यांस मधुमेह होता. ॲम्फोटेरिसिनसाठी नातेवाईक चिठ्ठी हातात घेऊन जिल्ह्यांमागून जिल्हे हिंडत होते. मे अखेरीस वर्ध्यातील जेनेटिक लाइफ सायन्सेस या कारखान्यात ते औषध बनू लागले.

लोकांनी या रोगास ‘काळी बुरशी’ म्हटले. नाव चुकीचे आहे. हे कवक रंगहीन असते. ते रक्तवाहिन्यांत शिरून त्या बुजवते आणि रक्त न मिळाल्याने मेलेला शरीराचा भाग काळा पडतो. चुकीचे का होईना, रोगास लोकभाषेत प्रथमच नाव मिळाले, आणि नाव मिळताच रकाना मिळाला. मात्र या नावात आणि रकान्यात सापडला तो बहुतांशी नाक, डोळा व टाळू यांचा रोग, कारण तो चेहऱ्यावर दिसत होता. फुप्फुसातील म्यूकर चेहऱ्यावर दिसत नाही. करोनाने आधीच पांढऱ्या झालेल्या फुप्फुसाच्या छायाचित्रात तो ओळखूही येत नाही, आणि प्राणवायूवर असलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत दुर्बीण घालण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. फुप्फुसाचा रोग अधिक प्राणघातक, तरी गणनेत कमी. दिसणारे मोजले गेले, इतकाच त्या आकड्यांचा अर्थ घ्यावयास हवा.

हा रोग करोनाने आणला असाही एक समज आहे. चंडीगढच्या वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत अरुणालोक चक्रवर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी ठेवलेल्या नोंदी तो खोडून काढतात. तेथे १९९० ते १९९९ या दहा वर्षांत म्यूकरमायकोसिसचे १२९ रुग्ण आढळले, तर २००० ते २००४ या पाचच वर्षांत १७८. म्हणजे वर्षाकाठी सरासरी तेरावरून पस्तिसांवर. साथीपूर्वीच भारतातील त्याचे प्रमाण जगाच्या मानाने सुमारे सत्तरपट असल्याचा अंदाज वर्तविला गेला होता. चंडीगढची हवा परभणीच्या हवेपेक्षा बुरशीची म्हणून हे घडले नाही. तेथे पाहणारा होता. आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटी १० लाख आहेत, हे पाहता त्या रोगाची भूमी आटलेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रथमच धोकादायक कवकांची यादी काढली. तीत १९ कवके असून ॲस्परजिलस फ्युमिगॅटस सर्वोच्च गटात आहे. म्यूकर वर्ग व फ्युजेरियम त्याखालच्या गटात आहेत. ॲस्परजिलसला सर्वोच्च स्थान देण्याचे एक कारण शेतीशी निगडित आहे. पिकांवर फवारली जाणारी अझोल वर्गाची कवकनाशके आणि माणसास दिली जाणारी अझोल औषधे एकाच जातीची. शेतातील कवक पहिल्यास सरावले की दुसऱ्यासही दाद देत नाही. नेदरलँड्समध्ये प्रथम आढळलेला हा प्रकार दिल्लीच्या अनुराधा चौधरी व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये भारतातील मातीतही दाखविला. परभणीच्या शिवारात खरीप ज्वारीची जागा गेल्या काही दशकांत सोयाबीनने बव्हंशी घेतली आहे, आणि सोयाबीनवर टेब्युकोनॅझोलसारख्या अझोल कवकनाशकांची फवारणी होते. डॉक्टर आणि वनस्पतिरोगशास्त्रज्ञ यांनी एका टेबलाशी बसण्याचा प्रसंग याहून अधिक निकडीचा कोणता असेल?

इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम त्या मानाने लहान आहे, पण ते त्याच्यावाचून होणार नाही. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीय दाखल्याने प्रमाणित झालेले होते. म्हणजे ‘बुखारा’चा रकाना नाव बदलून अद्याप चालूच आहे. अशा स्थितीत मृत्यूच्या नोंदींवर विसंबणे व्यर्थ होय. साधने इतरत्र पडली आहेत. ज्वारीवर कोणत्या वर्षी किती बुरशी पडली याचे अहवाल कृषी संशोधनाच्या दफ्तरात आहेत. पावसाचे आकडे तहसिलींत आहेत. आणि थुंकीत जंतू न सापडता क्षयाचे उपचार सुरू केलेल्या, त्यातही दुसऱ्यांदा सुरू केलेल्या, रुग्णांची गणती क्षयनियंत्रणाच्या नोंदवह्यांत आहे. ज्या वर्षी आश्विनात पाऊस लांबला आणि कणसे काळी पडली, त्या वर्षीच्या हिवाळ्यातील या दुसऱ्या गणतीशी तो अहवाल ताडून पाहावा. आरंभ पाथरी व जिंतूर येथून करणे सोयीचे. हिंगोली वेगळी झाल्यावरही हे दोन्ही तालुके परभणीतच राहिले असल्याने त्यांच्या वह्या एकाच जिल्हा कार्यालयाच्या परंपरेतील आहेत, आणि जुने वाण जाऊन नवे आले ते दिवस पाहिलेली माणसे तेथे अजून हयात आहेत.